मिन्याचा मासा

१

दुर्गा लग्न होऊन धानोऱ्याला आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत तिनं किती बोकडांची पोटं साफ केली असतील त्याला गणती नव्हती. नवरा नानाजी याचं मटणाचं दुकान रस्त्याला लागून, मागं राहतं घर, आणि दोन्हींच्या मधे फरशी टाकलेलं आंगण. सकाळी नानाजी तिथंच बोकड कापायचा, सोलायचा आणि पोट घमेल्यात टाकून तिच्याकडे सरकवायचा. मग उकळतं पाणी, मूठभर चुना आणि बोथट सुरी. काळी साल खरवडून पांढरीशुभ्र वझडी निघेपर्यंत दुर्गाचे हात चालत राहायचे आणि डोकं दुसरीकडे फिरून यायचं. बहुतेक वेळा ते गडचिरोलीच्या हॉस्टेलात, तिच्या लेकीकडे, करिष्माकडे जायचं. पोरगी नीट जेवते की नाही, अंगावर पांघरूण घेते की नाही.

त्या रविवारी तिनं पोटाला चीर दिली आणि हात थांबला. वास आला नाही.

म्हणजे जो यायला हवा तो आला नाही. कुजक्या गवताचा, आंबलेल्या पाल्याचा तो वास तिच्या अंगवळणी पडलेला होता. त्याऐवजी पोटातून केवड्यासारखं काहीतरी आलं, ओलं आणि गोड, आणि त्याच्या तळाशी आणखी काही होतं ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. तिनं आत हात घातला. अर्धवट चघळलेल्या पाल्यात बोटांना काहीतरी कडक लागलं.

करंगळीएवढा मासा होता. पाण्याखाली धरल्यावर त्याचे रंग उजळले. अंगावर हिरवे खवले, एकेक खवला कोरून त्यात काचेसारखा रंग भरलेला. पंख लाल. डोळे पांढरे, मधे काळा ठिपका. शरीर तीन सांध्यांचं होतं; हातात धरलं की शेपूट हलायची. पोटाखाली बारीक जाळी होती आणि वास त्या जाळीतून येत होता.

"कोन्या मोठ्या घरच्या बाईचा असन," नानाजी सुरा धुता धुता म्हणाला. "जनावर काय, भेटन ते गिळते."

"बोकड कोनाचा होता?"

"बुधूचा. तिकडला, मुरुमगावच्या वरतून येते तो."

दुर्गानं मासा राखेनं घासला, साबणानं धुतला. वास गेला नाही. तिनं काळ्या दोऱ्यात ओवून तो गळ्यात घातला. नानाजीनं एकदा पाहिलं, म्हणाला, "सोबते तुले," आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

२

दोन दिवसांनी गडचिरोलीला करिष्माला डबा द्यायला गेली तेव्हा दुर्गा एका सोनाराकडे शिरली. म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं मासा उलटापालटा केला.

"हे मिनाकाम आहे बाई. चांदी कोरून त्यात रंगाची पूड भरतात, मग भट्टीत भाजतात. असं काम करनारा आता इकडे कोनी नाई. जुनं हाये, लय जुनं." त्यानं माशाचं डोकं चिमटीत धरून फिरवलं. आटे उलटे होते. डोकं सुटून हातात आलं. "आतमधी अत्तराचा फाया ठेवत. अंगाच्या उबेनं जाळीतून वास येत राहे. बाया गळ्यात घालत."

चिमट्यानं त्यानं आतून कापूस काढला. तपकिरी झालेला, भुसभुशीत, टेकवताच चिमट्यात चुरा झाला.

"हा तं सुका ठक हाये," सोनार म्हणाला. "ह्याले वास असाचं काई कारन नाई."

"येते पन."

"हो. येते." त्यानं मासा नाकाजवळ नेला. दुकानात पंखा फिरत होता, बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. सोनारानं डोकं पुन्हा बसवून मासा तिच्यासमोर धरला, आणि दुसऱ्या हातानं सदऱ्याचं वरचं बटन काढलं. मग दुसरं. मग हनुवटी वर करून तो तिच्याकडे पाहत राहिला. गळ्याची सैल कातडी ताणली गेली, त्याखाली एक शीर उडत होती. चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. न्हाव्यासमोर बसतो तसा बसला होता.

"सोनारकाका," दुर्गा म्हणाली.

त्यानं मान खाली केली, चिमटा जागेवर ठेवला. "हां. घेऊन जा. मोडीत घालू नका, चांगली वस्तू हाये."

गरमी होत असेल, असं बसमधे बसल्यावर दुर्गानं स्वतःला सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की मार्गशीर्ष चालू आहे आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं तिनं स्वतः पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतलेला आहे.

३

पुढच्या रविवारी बोकड ओढला नाही.

बोकड ओढतो, हे त्या घरात गृहीत होतं. दावं सोडलं की चारही पाय फरशीत रोवतो, बोंबलतो, मान झटकतो. नानाजीला त्याला छातीशी धरून आणावं लागायचं. त्या दिवशी दुर्गा घमेलं घेऊन आंगणात आली, आणि खुंट्याजवळचा बोकड दावं तोडून चालत तिच्यासमोर आला. गुडघे टेकले. मान लांब करून वर धरली आणि डोळे मिटले.

नानाजी सुरा घेऊन उभा होता. तो वाकला, हात बोकडाच्या जबड्याखाली घातला, आणि तसाच राहिला. बाहेर गिऱ्हाइकं बोलत होती. बराच वेळ गेल्यावर त्यानं हात काढून घेतला.

"मले नाई जमत."

"काऊन? काय झालं?"

"ओढत नाई ना तो." नानाजीचा आवाज उतरला होता. "बाबा मले सांगत, जनावर ओढते नं, तेवाच हाताले समजते का आपुन काय करून राह्यलो. हा तं चूप बसून हाये. मी याले कसा कापू?"

"लोकं उभे हायेत बाहेर."

"असू दे."

दुर्गानं त्याच्या हातातून सुरा घेतला. उभ्या आयुष्यात तिनं जनावर कापलं नव्हतं. तिच्या घरात बाया कापत नसत. पण अंगठा आपोआप जबड्याखालच्या खोबणीत गेला, शीर सापडली, आणि सुरा पिकल्या पपईतून जावा तसा गेला. मनगटावर गरम धार आली. बोकडानं एकदाही पाय झाडला नाही. मान तिच्या तळहातात जड होत गेली, एवढंच.

दुपारी जेवताना तिला वाटलं, आता घास उतरणार नाही. पण तिनं नेहमीपेक्षा एक भाकर जास्त खाल्ली. नानाजी न जेवता उठला.

त्यानंतर रोज तीच कापू लागली. आठवडी बाजारात बुधू भेटला. तो कोंड्याच्या पोत्यावर बसला होता. ज्याच्या पोटात मासा सापडला त्या बोकडाबद्दल तिनं त्याला विचारलं.

"तो विकाचा नव्हता, बाई," बुधू म्हणाला. "आमच्या देवाच्या नावानं सोडेल होता. डोंगराकडे गेला, चार दिवस दिसला नाई. मंग वापस आला तं चारा खाये नाई. मान वर करून उभा राहे. घरातले सारे चूप झाले. माझी बायको माझ्याशी भांडे, ते बी बंद झालं. कुत्रं भुकत नव्हतं." त्यानं पोत्याची गाठ चाचपली. "मी त्याले बांधून नाई आनलं. तोच माझ्या मागं आला."

बोलता बोलता त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली. तो उठला, पोतं खांद्यावर टाकलं आणि बाजार अर्धवट टाकून निघून गेला. देवाचं जनावर विकल्याची लाज वाटली असेल, दुर्गाला वाटलं. असंच असणार.

४

शेजारची बायनाबाई एकटी राहायची. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. तिच्याजवळ एक पांढरी बकरी होती, गाभण, आठपंधरा दिवसांत विणारी. रस्त्यानं बायनाबाई आणि बकरी सोबत जाताना दिसायच्या आणि दोघी एकमेकींशी बोलतात असं लोक थट्टेनं म्हणायचे.

गुरुवारी सकाळी दुर्गा सुरी दगडावर लावत बसली होती. पाणी शिंपडायचं, पातं पुढं न्यायचं, मागं आणायचं. हे काम आता तिला आवडू लागलं होतं. तुटलेलं दावं ओढत पांढरी बकरी फाटकातून आत आली. पोट दोन्हीकडे झुलत होतं. ती दुर्गापाशी आली, कष्टानं पुढचे गुडघे टेकले, आणि मान वर केली.

पुढं काय झालं ते दुर्गाला नीट सांगता आलं नसतं. ती बायनाबाईला हाक मारणार होती, एवढं तिला आठवत होतं. हाक तिच्या तोंडात तयार होती. मग फरशीवर रक्त पसरत होतं, ती बकरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि बकरीच्या पोटात काहीतरी हलत होतं. आधी जोरात, मग हळू. दुर्गा त्या हलण्याकडे पाहत राहिली. तिनं पोट फाडून पिल्लू काढायला हवं होतं, तिला ते येत होतं. ती फक्त पाहत राहिली, थांबेपर्यंत.

मान वर केली तेव्हा बायनाबाई फाटकात उभी होती.

दुर्गाला वाटलं, आता ही ऊर बडवेल, माझ्या झिंज्या धरेल. तिनं तसं करावं असं तिला मनापासून वाटलं. बायनाबाई चालत आली, रक्तात बसली, बकरीच्या कानाला हात लावला. मग तिनं मानेवरचा पदर बाजूला केला, अंबाडा वर धरला, आणि दुर्गासमोर मान लांब केली. म्हातारीचे डोळे ओले नव्हते. ती वाट पाहत होती.

दुर्गाच्या हातात सुरी होती आणि हाताला घाई झाली होती.

"बायनाबाई, उठ. उठ तिथून." दुकानाच्या दारातून नानाजी आला, त्यानं म्हातारीला दोन्ही काखांत धरून उचललं आणि ओढत फाटकाबाहेर नेलं. ती पायसुद्धा टेकत नव्हती. रस्त्यावर पोचल्यावर मात्र तिला रडू फुटलं, आणि ते गल्लीभर ऐकू आलं.

नानाजीनं आपल्या दोन बकऱ्या तिच्या दारी नेऊन बांधल्या. परत आला तेव्हा तो दुर्गाच्या जवळ आला नाही, आंगणाच्या त्या टोकाला उभा राहून म्हणाला, "काढून ठेव ते."

तिनं मासा काढला आणि लाखोरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसला, वरून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ती आरशासमोर केस विंचरत होती. मासा गळ्यात होता. झोपेतून उठल्यावर सवयीनं घातला असेल, तिनं विचार केला. डब्याचं झाकण उघडं होतं, डाळ ओट्यावर सांडली होती, आणि तिच्या नखांत डाळीचा पिवळा भुगा होता. म्हणजे तिनंच घातला होता. यात भिण्यासारखं काय आहे, असं ती आरशातल्या बाईला विचारत राहिली.

५

शनिवारी दुपारी करिष्मा सुट्टीवर आली. अठरा वर्षांची पोरगी, दारातूनच बोलत येणारी. मेसची भाजी, मैत्रिणीचं भांडण, सर काय म्हणाले. दुर्गा स्वयंपाकघरात विळीवर वांगी चिरत बसली होती. नानाजी दुकानात होता. हल्ली तो दिवसभर दुकानातच, घराकडे पाठ करून बसायचा.

"आई, काय मस्त वास येऊन राह्यला," करिष्मा म्हणाली. "अत्तर घेतलं का?"

"काई नाई. हात धुऊन घे, जेव."

पण ती जवळ येऊन बसली. बोलता बोलता एका वाक्याच्या मधेच थांबली. मग आडवी झाली आणि डोकं आईच्या मांडीवर ठेवलं, विळीच्या बाजूला. लहानपणी ती अशीच झोपायची. तिनं डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. पात्यात आणि तिच्या गळ्यात वीतभर अंतर उरलं.

दुर्गानं तिच्या मानेवरचे केस बाजूला केले. केस मऊ होते, शाम्पूचा वास होता. अंगठा कानाखालून खाली सरकला, जबड्याच्या खोबणीत गेला. शीर सापडली. उडत होती, शांतपणे. डाव्या हातानं दुर्गानं पोरीचं डोकं किंचित उचललं. किती हलकं आहे, तिच्या मनात आलं. बोकडाचं यापेक्षा जड असतं.

"कर ना," करिष्मा डोळे न उघडता म्हणाली. "मी ओढत नाई."

हे शब्द पोरीला कोणी शिकवले नव्हते. दुर्गाला ओरडायचं होतं, पण तोंड उघडेना. हात उघडेना. संपूर्ण अंगात फक्त उजवा पाय तिचा उरला होता, विळीच्या पाटावर दाबून ठेवलेला. तिनं तो उचलला आणि पात्यावर आपटला.

पातं तळव्यात हाडापर्यंत गेलं. विळी उलटली, वांगी सांडली, दुर्गा मागं कोसळली आणि तिच्या घशातून आवाज सुटला. करिष्मा दचकून उठून बसली. "आई, काय केलं हे? मले ढकललं काऊन? किती रक्त येऊन राह्यलं."

नानाजी धावत आला. दुर्गानं दोन्ही हातांनी मासा हिसडला, दोरा तुटला.

"हे फेका. आत्ताच्या आत्ता नदीत फेका. मी अजून..." तिनं पोरीकडे पाहिलं आणि दोन्ही हात काखांत दाबून धरले.

नानाजीनं तोंडा-नाकाला ओला दुपट्टा बांधला. मासा दोऱ्याला धरून उचलला. दारात थांबून तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "मले रोज सकाळी वाटते, तुझ्यासमोर येऊन बसावं. म्हनून मी दुकानात बसतो."

मग मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

६

कठाणी नदीचा डोह गावापासून चार-साडेचार किलोमीटर. जाऊन यायला तास पुष्कळ झाला. दीडला गेलेला नानाजी साडेतीनपर्यंत आला नाही. फोन वाजत होता, उचलत नव्हता. दुर्गाच्या पायाला डॉक्टरनं टाके घातले होते. तिनं करिष्माला बायनाबाईच्या घरी बसवलं, शेजारच्यांची स्कूटी मागून घेतली आणि निघाली.

रस्त्यात तिला आधी काय चुकतंय ते कळेना. कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे होते, मळणीयंत्र चालू होतं, माणसं होती. मग कळलं. वाटेवर एकही बकरी नव्हती. घरांपुढं खुंटे होते आणि खुंट्यांना तुटलेली दावी लोंबत होती.

मोटरसायकल वाळूच्या कडेला पडलेली होती. दुर्गा लंगडत उतार उतरली.

वाळूवर बकऱ्या एका ओळीत होत्या. पंधरा-वीस असाव्यात, मधे एक चितळही होतं. सगळ्यांचे गळे चिरलेले, सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाच्या झाडीकडे. तिनं गेल्या काही दिवसांत इतकं कापलं होतं की काय चुकतंय ते तिला लगेच दिसलं. कापलेलं जनावर पाय झाडतं, निदान थोडं. इथं एका खुरानंही वाळू उकरलेली नव्हती. रक्त सरळ पाझरून पाण्याला मिळत होतं. वार एकाच हाताचा होता, डावीकडून उजवीकडे, सावकाश केलेला. आणि नानाजीनं कुठलाही सुरा सोबत नेला नव्हता.

ओळीच्या शेवटी नानाजी गुडघ्यांवर बसला होता. दुपट्टा वाळूत पडला होता. मासा त्याच्या गळ्यात, तुटलेला दोरा गाठ मारून बांधलेला. मान वर, डोळे मिटलेले.

"अवो. चला."

"थांब," तो म्हणाला. बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा आवाज होता. "आता माझा नंबर हाये."

तेव्हा तिला तो आवाज आला. वरच्या जांभळीच्या झाडीतून. पाणी शिंपडल्याचा बारीक आवाज, मग दगडावर पातं पुढं गेल्याचा, मागं आल्याचा. पुढं, मागं. ज्याला वेळच वेळ आहे अशा हाताचा.

दुर्गानं तिकडे पाहिलं नाही. तिनं नवऱ्याच्या थोबाडीत मारली. त्यानं मान पुन्हा होती तशी वर केली. दुसऱ्या गालावर मारली. केस धरून ओढलं. तो वाळूच्या पोत्यासारखा तिच्या हाताबरोबर आला. असा ओढत नेला तर तो पुन्हा चालत परत येईल.

"ओढा," ती म्हणाली. "अवो, वापस ओढा. माझ्याशी ओढा."

दगडावरचा आवाज थांबला. पानं चुरगाळल्याचा आवाज आला, मग वाळूचा.

दुर्गानं मुठीत मावेल एवढा गोटा उचलला आणि नानाजीच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. पुन्हा मारला. दात तुटल्याचं तिला हातात जाणवलं. तिसऱ्या फटक्याला तो किंचाळला आणि मागं सरकला. चौथ्याला त्यानं तिचं मनगट धरलं. त्याच्या डोळ्यांत राग आला, निव्वळ जनावराचा राग, आणि दुर्गाला इतकं बरं वाटलं की रडू आलं. त्यानं तिच्या छातीत लाथ मारली. ती पडली, उठली, त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला लोंबकळली. दोरा त्याच्या मानेत रुतून तुटला. मासा तिनं न बघता मागं, त्या आवाजाच्या दिशेनं भिरकावला, आणि पुन्हा नवऱ्याच्या अंगावर गेली, गोटा हातात घेऊन.

किती वेळ ते चाललं कुणास ठाऊक. नानाजीनं तिला कानाखाली अशी लगावली की ती गरगरत फिरली. तेव्हा तिचं तोंड त्या बाजूला झालं आणि तिनं पाहिलं.

वाळूवर कोणी नव्हतं. मासा ओल्या वाळूत पडला होता, ऊन त्याच्या हिरव्या पाठीवर चमकत होतं. मग तो उचलला गेला. सरळ वर आला, बुटक्या बाईच्या गळ्याच्या उंचीएवढा, आणि तिथं थांबला. शेपूट दोनदा हलली, श्वास घेताना छातीवरचा दागिना हलतो तशी.

मग तो मासा त्या दोघांकडे वळला.

नानाजीनंही पाहिलं असणार. कारण दोघंही एकमेकांना ओरबाडत, ढकलत, एकमेकांचे केस न सोडता उतार चढून वर पळाली, आणि वास येईनासा होईपर्यंत एकमेकांना मारायची थांबली नाहीत.

७

बकऱ्यांचा पंचनामा झाला. वाघ नाही, बिबट नाही, असं वनखात्याच्या माणसानं सांगितलं, आणि काय आहे ते सांगितलं नाही. नानाजी मोटरसायकलवरून पडला असं घरानं गावाला सांगितलं. गावानं दुर्गाच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं आणि आपल्याला हवं ते समजून घेतलं. दुकान बंद झालं. नानाजी मळणीयंत्रावर कामाला जाऊ लागला. समोरचे तीन दात गेले होते, त्यामुळं त्याचं बोलणं फुसफुसायचं, आणि तो मुळातच कमी बोलू लागला होता.

सुऱ्या त्यानं कुणाला दिल्या ते सांगितलं नाही. घरात भाजी आता तोच चिरायचा.

एका संध्याकाळी, चुलीपुढं बसलेला असताना, तो म्हणाला, "तू मारलं म्हनून मी वाचलो. ते मले समजते."

दुर्गानं तव्यावरची भाकर परतली.

"पन तो मासा तू फेकला नं, त्याच्यानंतर. मी ओढत होतो. हात जोडत होतो तुले. तू थांबत नव्हती." त्यानं लाकूड आत सारलं. "तुझं तोंड पाह्यलं मी."

तिला ते आठवत होतं. त्याचे जोडलेले हातही आठवत होते.

सुट्टी संपली आणि करिष्मा परत निघाली. स्टँडवर गडचिरोलीची बस उभी होती. पोरीनं पिशव्या आत ठेवल्या, खाली उतरली आणि पाया पडायला वाकली. वेणी पुढं घसरली. स्वेटरच्या कॉलरवर मान उघडी पडली, कोवळी, मधोमध हाडांची बारीक रांग.

दुर्गा दोन पावलं मागं सरकली. टाक्यांचा पाय खाली ठेवताना कळ आली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडलं.

करिष्मा वाकलेलीच राहिली, हात पुढं करून. "आई?"

"उठ."

"पाया तं पडू दे."

"सरळ उभी राह्य. माझ्यासमोर मान नोको वाकवत जाऊ. कदीच नोको."

पोरगी उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली, खिडकीत बसली आणि आईकडे पाहिलं नाही. बस वळून नाक्यापलीकडे गेली, धूळ खाली बसली, स्टँडवरची माणसं पांगली. दुर्गा तशीच उभी होती, पाठीमागं स्वतःचं मनगट धरून, आणि ते मनगट सुटायला ओढत होतं.